विचारामुळेच त्रास होतो हे कळलं, तरी छाती का धडधडते?

सातपूरकर

नमस्कार मंडळी. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवतो आम्ही. वय ३८. घरी बायको, मुलगी, आई. पगार वेळेवर होतो, तब्येत बरी आहे. तक्रार करावी असं काही नाही, म्हणून तर कुणाला सांगायचीही चोरी.

रविवारी संध्याकाळी प्लँट हेडचा मेसेज येतो: ‘उद्या साडेनऊला केबिनमध्ये भेट.’ बस. विषय नाही, काही नाही. तिथे माझा रविवार संपतो. जेवताना घास फिरतो. महिन्याभरातले सगळे लॉट डोळ्यांसमोर यायला लागतात. कुठला पास केला, कशावर सही केली, कस्टमरकडून काय परत आलं. रात्री दीडला मी घराच्या हप्त्यांचा हिशेब करत बसलेला असतो, की नोकरी गेली तर किती महिने निघतील. सोमवारी केबिनमध्ये जावं तर साहेब म्हणतात, ‘अरे, गुरुवारी ऑडिटर येतायत. त्यांच्या जेवणाचं कँटीनला सांगून ठेव.’

बहुतेक वेळा हे असंच निघतं. एकदा मात्र सगळ्यांसमोर खरंच झाडलं होतं, आणि तेवढंच मेलं लक्षात राहिलंय.

मध्ये एक व्हिडिओ पाहिला. त्रास परिस्थिती देत नाही, आपले विचार देतात, असं त्यात होतं. पटलं. मेसेज चार शब्दांचा, बाकीची सगळी गोष्ट मीच रचलेली. पण पटून झालं काय? धडधड होतेच, वर ‘सगळं समजतं तरी तू असा कसा’ हा वेगळा ताप. आधी एक दुखणं होतं, आता दोन. बायको म्हणते विचार करू नकोस. ते जमत असतं तर काय पाहिजे होतं!

तर प्रश्न असा: विचार अनुभव घडवतो हे डोक्याला पटलेलं असताना ते पोटापर्यंत का पोचत नाही? ज्यांचं पोचलंय त्यांनी नेमकं काय केलं? कृपया सुविचार नकोत, ते फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी मिळतात.

नुसतीवाचक

वहिनींना सांगा की ‘विचार करू नकोस’ या उपायाचा प्रयोग होऊन गेलाय. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने काही विद्यार्थ्यांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आला तर घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिल्या. पुढची गंमत म्हणजे नंतर त्यांना ‘आता खुशाल करा’ म्हटलं, तर आधी दाबून ठेवणाऱ्यांच्या डोक्यात अस्वल जास्तच आलं.

आपल्याकडे वैद्यबुवांनी हे केव्हाच सांगून ठेवलंय. औषध गुणकारी आहे, फक्त घेताना माकड आठवायचं नाही.

माझ्याकडे उपाय नाही. उत्तरं वाचायला बसलेय.

घाटरस्ता

सातपूरकर भाऊ, मी एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. कसारा घाटात पावसाळी रात्री धुकं असं असायचं की बोनेटच्या पुढचं दिसायचं नाही. चाळीस-पन्नास माणूस मागे झोपलेलं. देवाशपथ, पोटातलं पाणी हललं नाही कधी. आणि सकाळी आगारात कुणी म्हटलं ‘मॅनेजरसाहेबांनी बोलावलंय’, की हातपाय गार. जिथे जीव जायची शक्यता तिथे मी निवांत, आणि कागद मिळायची शक्यता तिथे लटपट. तेव्हा तुम्ही एकटे नाही, एवढं पहिलं घ्या.

निवृत्तीनंतर इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांना बसलो. घरापासून जवळ, फी नाही, शेवटी द्यायचं ते दान. फोन आधीच जमा करून घेतात. पहाटे चारला घंटा. दहाव्या दिवशी सकाळपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. मला वाटलं, हे काय काम आहे? दुसऱ्या दिवशी पळून जायचा बेत केला होता. चौथ्या दिवसापासून अंगावरच्या संवेदना बघायला लावतात, डोक्यापासून पायापर्यंत. गुडघा दुखतोय, तर दुखतोय. हलवायचा नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, बघायचा.

तिथे एक गोष्ट ध्यानात आली. धडधड वेगळी आणि ‘आता माझं काही खरं नाही’ हे वेगळं. नोकरीभर मी दोन्ही एकच समजत होतो. धडधड आली की तिला जागा द्यायची. छातीत नेमकी कुठे आहे, वर सरकते का, गरम वाटतं का. पाच-दहा मिनिटांत तिचा जोर बदलतो. बदलला नाही तरी चालतं. ती जावी म्हणून बघत बसलो की ती जात नाही, हे पण तिथेच कळलं.

ही शिबिरं सुरू करणारे गोएंकाजी स्वतः ब्रह्मदेशातले व्यापारी, मायग्रेनने बेजार होऊन या वाटेला आले. त्यांचे गुरू ऊ बा खिन तिकडचे सरकारी महालेखापाल. म्हणजे दिवसभर फायली आणि साहेबलोक यांच्यातलाच माणूस. सांगायचं कारण, हे गुहेत बसणाऱ्यांचंच काम आहे असं समजू नका. पण फार घाबरण्याचा, झोपेचा मोठा आजार चालू असेल तर दहा दिवसांना बसण्याआधी डॉक्टरला विचारा. फॉर्ममध्येही तब्येतीचं खरंखरं लिहा.

सुमनसिस्टर

सातपूरकर, प्रश्न नेमका विचारलात म्हणून लांब लिहिते.

माझी सगळी नोकरी सर्जिकल वॉर्डात गेली. शेवटची काही वर्षं पेशंटशी आणि नातेवाइकांशी बोलायचं काम गळ्यात पडलं, तेव्हा अल्बर्ट एलिसची पद्धत शिकले. एलिस न्यूयॉर्कचा. आधी मनोविश्लेषण करायचा, पण वर्षानुवर्षं बालपण उकरून माणसं बरी होत नाहीत असं दिसल्यावर त्याने १९५५ च्या सुमारास स्वतःची वेगळी पद्धत मांडली. आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती आणली आणि मराठीतून लोकांपर्यंत पोचवली. तेव्हापासून मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. एलिसने मूळ धागा एपिक्टेटस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञाकडून घेतला होता आणि तसं तो उघड सांगायचा. माणसाला घटना छळत नाहीत, घटनांबद्दलची त्याची मतं छळतात, असं एपिक्टेटसचं म्हणणं. तुमच्या व्हिडिओवाल्याने तेवढंच सांगितलं आणि दुकान बंद केलं.

एलिसचं म्हणणं तीन पायऱ्यांचं आहे. एक, घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपली धारणा असते. दोन, ती धारणा लहानपणी शाळेत चिकटलेली असो की वडिलांच्या धाकाने, आज ती जिवंत आहे कारण आज तुम्हीच ती स्वतःला घोकवता. तीन, हे नुसतं समजून काहीही होत नाही, त्याविरुद्ध सराव करावा लागतो, आणि तोही पुनःपुन्हा. डॉक्टरने मधुमेह आहे असं सांगितलं म्हणून कुणाची साखर उतरत नाही. तुमचं पहिल्या पायरीवरचं समजणं खरंच आहे, त्यात खोट नाही. पोटापर्यंत पोचत नाही कारण पोटाला अजून कुणी काही करून दाखवलेलं नाही.

आता धारणा कुठली ते बघू, कारण इथे बहुतेक लोक चुकीच्या विचाराला धरतात. तुम्ही म्हणाल, ‘साहेब ओरडतील’ हा माझा विचार. नाही. तो अंदाज आहे. अंदाजाशी भांडायची एक पद्धत आहे. ॲरन बेक नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते, त्यांच्या पद्धतीत पुरावा तपासायला लावतात: आजवर किती वेळा बोलावलं, किती वेळा ओरडले? चांगली पद्धत आहे, खूप जणांना उपयोगी पडते. पण तुमचं गणित तुम्हीच सांगितलंत. बहुतेक वेळा काही झालं नाही हे तुम्हाला पाठ आहे, आणि तरी त्या एका वेळेने सगळ्यांवर मात केली. पुरावा तुमच्याकडे आहेच, तो पुरत नाही.

एलिस उलटं विचारायचा. धरून चला की साहेब ओरडणारच आहेत. उद्या साडेनऊला, सगळ्यांसमोर. मग काय?

या ‘मग काय’चं उत्तर कागदावर लिहा. तुम्ही लिहाल असं काहीतरी: ‘त्यांनी माझ्यावर ओरडता कामा नये. माझ्या कामात चूक निघताच कामा नये. निघाली तर ते मला सहन होणार नाही आणि मी कुचकामी ठरेन.’ ही धारणा. ‘ओरडू नयेत’ ही इच्छा झाली, आणि इच्छा रास्त आहे. ‘ओरडताच कामा नये’ ही जगाला दिलेली ऑर्डर झाली, आणि जग आपली ऑर्डर घेत नाही. त्या ‘च’पाशी तुमचा रविवार अडकलाय.

वॉर्डात बायॉप्सीच्या रिपोर्टची वाट बघणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. न घाबरलेलं त्यात कुणी नसायचं. पण काही जण म्हणायचे, ‘सिस्टर, चांगला आला तर बरं होईल हो.’ ते जेवायचे, उद्या कुठल्या डॉक्टरला काय विचारायचं ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचे. आणि काही जण ‘मला असलं काही होऊच शकत नाही’ यावर अडून बसायचे. त्यांची रात्र भयंकर जायची. रिपोर्ट दोघांचाही मंगळवारीच यायचा. पहिल्यांना मी शांत म्हणणार नाही, ते काळजीत असायचे. पण काळजी त्यांना काहीतरी करू देत होती.

म्हणून तुमच्या छातीची धडधड पूर्ण थांबावी हे ध्येय ठेवू नका. तुमचं जे दुसरं दुखणं आहे ना, ‘समजतं तरी मी असा कसा’, ते तिथूनच येतं. चिंतेबद्दल चिंता. त्यातही तोच ‘च’ आहे: ‘एकदा समजल्यावर मला धडधड होताच कामा नये.’ एलिसकडे नियम होता, हा दुसरा थर असेल तर आधी तो काढायचा. म्हणजे आधी स्वतःला एवढंच: धडधड झाली, नको होती, पण झाली. घाटरस्ताभाऊंनी सांगितलेलं बघत बसणं इथे फार कामाचं आहे. पण पुढे मी त्यांच्या थोडी विरुद्ध जाईन. नुसतं बघून त्या ऑर्डरी आपोआप गळतील यावर माझा विश्वास नाही. त्यांना तोंडावर प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यांच्या विरुद्ध वागून दाखवावं लागतं.

वागण्याबद्दल एलिसचीच गोष्ट आहे. एकोणिसाव्या वर्षी तो बायकांशी बोलायला इतका बुजायचा की घाम फुटायचा. त्याने स्वतःला अभ्यास घातला: न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात रोज जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून एका मिनिटात बोलायला सुरुवात करायची. महिन्याभरात तो १३० जणींच्या शेजारी जाऊन बसला. तीस उठून गेल्या. उरलेल्या शंभरजणींशी बोलला. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि ती आलीच नाही. (हल्ली असं कुणी करू नका, पोलीस येतील.) पण नकाराने माणूस मरत नाही हे त्याच्या पोटाला त्या बाकांवर कळलं. पुस्तकात वाचून ते झालं नव्हतं.

तुमचा अभ्यास सोपा आहे. पुढचा मेसेज आला की पाच मिनिटांत उत्तर टाका: ‘हो सर. विषय काय आहे? कुठले कागद आणू?’ आणि आठवड्यातून एकदा मीटिंगमध्ये असा एक प्रश्न विचारायचा, जो तुम्हाला वाटतं की विचारला तर लोक हसतील. हसले तर उत्तमच.

रात्री दीडचं एक. त्या वेळी वाद घालायला बसू नका, दीड वाजता आपण सगळेच वाईट वकील असतो. उठा, दुसऱ्या खोलीत जा, तीन ओळी लिहा: काय घडलं, मी स्वतःला काय म्हटलं, त्याने काय झालं. आणि पडा. भांडण सकाळी करू.

आणि चहा. शिफ्टमध्ये किती होतात ते मोजा. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, कारण धडधडीचं कारण दर वेळी विचारच असतं असं नाही, आणि ते न तपासता कुणाला ‘विचार बदला’ सांगायला मी तयार नाही. झोप सलग काही आठवडे उडालेली असेल किंवा जगणं नको वाटायला लागलं असेल, तर इथे लिहीत बसू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

उलटतपासणी

सिस्टर, तुमचं लिहिणं आवडलं, पण मला या सगळ्या प्रकारातच काहीतरी खुपतं. एपिक्टेटस गुलाम होता. घटना छळत नाहीत, मतं छळतात, हे गुलामाला पटलं तर सगळ्यात जास्त सोय मालकाची होते. इथेही तेच चाललंय. रविवारी संध्याकाळी कारण न देता चार शब्दांचा मेसेज टाकायचा, ही साहेबाची वाईट सवय आहे. ती तशीच राहणार आणि अभ्यास कोण करणार? तर सातपूरकर! आमच्या कंपनीत माणसं कमी केली, काम तेवढंच ठेवलं, आणि मग तणावमुक्तीचं शिबिर भरवलं. चटईवर झोपवून डोळे मिटायला लावले. मला शांत व्हायचं नव्हतं, मला दोन माणसं हवी होती.

ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि पीक पाण्यात गेलंय, त्याला तुम्ही धारणा तपासायला सांगणार का?

सुमनसिस्टर

नाही सांगणार. त्याला आधी पंचनामा, विमा आणि बँकेत सोबत यायला माणूस हवा. त्याचा तळतळाट खरा आहे आणि कारणही खरं आहे.

पण शिबिरवाल्यांचा राग एलिसवर काढू नका. दुःख, काळजी, चीड या भावना घालवायला तो कधीच सांगत नव्हता, उलट त्या निकोप समजायचा. तो ज्याच्या मागे लागायचा ती वेगळी: खचून जाणं, भीतीने गोठणं, संतापाने आंधळं होणं. कारण त्यांत माणूस काही करू शकत नाही. आणि एपिक्टेटसबद्दल म्हणाल तर तो पुढे मुक्त झाला, रोममध्ये शिकवायला लागला, आणि सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना हाकललं तेव्हा त्यालाही बाहेर जावं लागलं. ग्रीसमध्ये निकोपोलिसला जाऊन त्याने पुन्हा शिकवणं सुरू केलं. सत्तेला तो फार सोयीचा वाटत होता असं दिसत नाही.

तुमचाच दाखला घ्या. दोन माणसं वाढवून मागायची तर साहेबासमोर आकडे घेऊन बसावं लागतं. जो रात्रभर जागा आहे आणि ‘ओरडले तर मी संपलो’ असं ज्याला वाटतं, तो कसले आकडे मांडणार? तो ‘येस सर’ म्हणून परत येतो. आमच्या वॉर्डात रात्रपाळीला एक नर्स आणि चाळीस खाटा असायच्या. त्याबद्दल अर्ज लिहिताना माझी चीड शाबूत होती, हात मात्र थरथरत नव्हता.

साहेबाची सवय वाईट आहे हे मान्य. सातपूरकरांनी दर वेळी ‘विषय काय’ विचारलं, तर ती थोडी सुधारेलही. नाही सुधारली तर नाही.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. गेल्या रविवारी मेसेज आला नाही, तर मी तो का आला नाही यावर विचार करत बसलो! म्हणजे मी किती मुरलेला आहे बघा. पण सिस्टर, कागदावर लिहिलं. पहिल्या ओळीतच तुमचा तो ‘च’ सापडला. हसूच आलं.

घाटरस्ताभाऊ, सुट्टी शिल्लक आहे, पण दहा दिवस फोनशिवाय म्हटल्यावर साहेबांच्या आधी आईचं कसं होईल हा प्रश्न आहे. ती माझ्यापेक्षा वरची आहे. मला दुसऱ्या शिफ्टहून यायला अर्धा तास उशीर झाला की ती गेटपाशी उभी. अपघात, ट्रक, सगळं तिला दिसायला लागतं. तिला हे धारणांचं कसं समजावून सांगू?

घाटरस्ता

सांगू नका. आमच्या मंडळींना मी शिबिराहून आल्यावर चार दिवस ‘संवेदना बघ, संवेदना बघ’ केलं. पाचव्या दिवशी मला ताटच आलं नाही.

सुमनसिस्टर

भाऊ बरोबर सांगताहेत. ही सगळी हत्यारं स्वतःच्या डोक्यावर चालवायची आहेत. समोरच्याने मागितल्याशिवाय त्याच्यावर चालवली की तो उपचार राहत नाही, टोमणा होतो. ‘आई, हे तुझे विचार आहेत’ हे वाक्य ऐकून कुठल्याही आईला आजवर झोप लागलेली नाही.

आणि तुमच्या आईचं वागणं सगळं चुकीचंही नाही. रात्री अकरानंतर एमआयडीसीच्या रस्त्यावर ट्रक असतातच. कारखान्यातून निघताना एक फोन करा. उशीर होणार असेल तर तो कळल्या कळल्या सांगा, घरी येऊन नको. त्यांना रात्री करायला एक काम द्या, भाजी गरम करून ठेवण्याचं का असेना. गेटपाशी उभं राहण्यापेक्षा ते बरं. एवढं करूनही त्या उभ्या राहिल्या, तर राहू देत. शेजारी एक खुर्ची ठेवा.

इगतपुरीला जाल तेव्हा तिथल्या कार्यालयाचा फोन नंबर त्यांच्याकडे लिहून द्या. अडीनडीला तिथून निरोप मिळतो का, ते फॉर्म भरतानाच विचारून घ्या.